चौथ्या मजल्यापर्यंतचा सल्ला

आमच्या मामाकडे घबाड आहे, अशी त्याच्या ऑफिसात बोलवा आहे. एकतीस वर्षं लिफ्ट चालवतोय, बड्या लोकांच्या गुंतवणुकीच्या गप्पा फुकटात ऐकतोय, म्हणजे गुपचूप गडगंज झालाच असणार. कँटीनवाली काकू तर त्याच्या चहात साखरही जास्त घालते. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून.

खरं सांगू? मामाकडे नुसती अर्धी वाक्यं आहेत. शाळा सुटली की मी लिफ्टमध्येच असते, त्यामुळे मला सगळी पाठ आहेत. हिशेबखात्याचे साहेब आधी खाकरतात, मग नाकातून बोलतात, "हे बघ मामा, म्हातारपणाचा पैसा, अं, कामाला लावायचा असतो. फक्त एक पथ्य पाळ..." आणि चौथा मजला येतो. टायपिस्टबाईंचं वेगळंच. "सोनं घ्या हो मामा. फक्त माझ्या नणंदेसारखं नका करू, तिनं काय केलं..." दुसरा मजला. नणंदेनं काय केलं, ते अकरा वर्षं कळलेलं नाही. तिच्यासारखं होऊ नये म्हणून मामानं सोनं घेतलंच नाही.

यंदा मामा निवृत्त होतोय. त्याला एक फॉर्म मिळाला. फंडाचे पैसे एकदम हवेत की दरमहा थोडे थोडे? एका चौकटीत खूण करायची, शुक्रवारपर्यंत, आणि एकदा केली की बदलता येत नाही. सोबत बेचाळीस पानांची माहितीपुस्तिका. ती मामानं स्टुलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली.

"साहेबांनाच विचार ना," मी म्हटलं.

"त्यांनाही पुढचं येत नसणार."

"हिशेबखात्याच्या साहेबांना? लाव पैज."

"लावली. हरलीस तर पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून दाखवायची. कुणाची नक्कल न करता."

गुरुवारी साहेब चढले, खाकरले. मामानं फॉर्मचं विचारलं. पैसा कामाला लागला, "फक्त एक पथ्य" पर्यंत गाडी आली, आणि मामानं जाळीचा दरवाजा बोटभर सरकवला. तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध लिफ्ट उभी.

"कोणतं पथ्य, साहेब?"

"अडकली का रे?"

"निघेल. पथ्य?"

"ते... ज्याचं त्याचं वेगळं असतं."

"तुमचं कोणतं?"

साहेब नुसतेच खाकरत राहिले. मग नाकातला आवाज गेला आणि खालचा साधासुधा आवाज बाहेर आला. तो माझ्या नकलांच्या संग्रहात नव्हता.

"मामा, पुढच्या महिन्यात मलाही हाच फॉर्म भरायचाय. तुम्ही कुठल्या चौकटीत खूण केलीत?"

मामानं जाळी लावली. चौथा मजला आला. साहेब उतरले नाहीत.

मामानं स्टूल उचललं, पुस्तिका झटकली आणि माझ्या हातात दिली.

"हं, पान पहिलं. आणि नाकातून नाही."