उसनी बॅटरी

पन्नाशी उलटली तरी ही गोष्ट मी धड कुणाला सांगितलेली नाही. विषय निघाला की 'देवाने वाचवलं' एवढं बोलून उठतो. देवाने वाचवलं हे खरंच आहे. पण कसं वाचवलं ते सांगायचं तर त्या वेळी मी कुठे उभा होतो तेही सांगावं लागतं, आणि तिथे माझी जीभ अडते.

आमचं गाव ताडकळसच्या पलीकडे, काळ्या रानातलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाने तेव्हा गावात दोन तट पडले होते. मारामारी झाली नाही, पण बोलणं तुटलं होतं. बौद्ध वस्तीतली माणसं आमच्या दारावरची वाट सोडून ओढ्याकडून जात. गावात टीव्ही एकच, तो माझा. लाईटीचा भरवसा नव्हता, म्हणून रविवारी सकाळी देवाची मालिका लागायच्या आधी मी जीपची बॅटरी काढून टीव्हीला जोडत असे. पूर्वी टीव्ही माझ्या ओसरीवर असायचा आणि वस्तीतल्या बायाही येऊन बसायच्या. वाद वाढल्यावर मी तो मारुतीच्या देवळात नेला. तिथे जागा मोठी आहे असं सगळ्यांना सांगितलं. देवळात वस्तीतलं कुणी पाय ठेवणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच नेला होता.

त्या रविवारी मालिकेनंतर क्रिकेटचा सामना होता. मी तारा सोडवायला उठलो तर पोरांनी गलका केला, "राहू द्या की पाटील! आज जीपला कुठं जायचंय? तिलाबी सुट्टी द्या!" सगळे हसले, मीही हसलो. दुपार कलेपर्यंत चित्र आकसत आकसत एका ठिपक्याएवढं झालं आणि विझलं, तेव्हाच पोरं उठली.

बॅटरी जीपमध्ये बसवत होतो तोच बैलगाडी दारात आली. गाडीत माझा धाकटा भाऊ दिगंबर. सकाळपासून कापसावर औषध फवारत होता, तोंडाला फडकं न बांधता, तेही वाऱ्याच्या तोंडाला. ओठांवर फेस आलेला, अंग घामाने निथळत होतं, मांड्यांचं मांस आपोआप थरथरत होतं. त्याची बायको म्हणाली, "दादा, ह्यांचे डोळे बघा." बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

मी सेल्फ मारला. टक् असा आवाज झाला. पुन्हा मारला, तर तेवढाही आवाज आला नाही.

परतीच्या पावसाने रस्त्याचा राबडा झाला होता. माणसांनी जीप ढकलली, ती आडवी घसरली आणि चाकं रुतली. इंजिन काही पकडेना. एसटी सकाळीच येऊन गेलेली. बैलगाडीने ताडकळस गाठेपर्यंत अंधार झाला असता आणि दिगंबरचा श्वास तर आताच घरघरत होता. गावात दुसरी बॅटरी एकच होती, वस्तीत. पावसाळाभर त्यांच्याकडे रोज सांजेला ग्रंथवाचन चाले, त्याच्या लाउडस्पीकरसाठी ती ताडकळसहून चार्ज करून आणलेली असे. हे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाव मात्र कुणी काढलं नाही. मीही नाही. ते नाही म्हणाले तर, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर ते हो म्हणाले तर, याची मला जास्त भीती होती.

सख्खा भाऊ डोळ्यांदेखत चाललेला, आणि मी जीपच्या पायरीवर बसून नवस बोलत होतो. नागनाथाला अनवाणी येईन. मारुतीला चांदीचे डोळे बसवीन. एक झाला की दुसरा, बाजारात घासाघीस करावी तसा. पाय मात्र वस्तीकडे उचलत नव्हते.

तेवढ्यात ओढ्याकडून अनुसयाबाई येताना दिसली. वस्तीतलं ग्रंथवाचन तीच चालवायची. मागे तिचा नवरा, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर बॅटरी.

"बसलाव काय पाटील? पान्हा कुठाय?"

मी हात जोडले. "देवच धावून आला बाई."

"देवाचं तुमचं तुमी बघा, आमी न्हाई मानत. माझी बहीण निंदायला होती तुमच्या रानात. तिनं सांगितलं म्हणून आले. आन् सरका बाजूला, तारा उलट्या लावताल."

तिचा नवरा तारा आवळू लागला. मी कसंबसं विचारलं, "मग आज तुमचं वाचन?"

"बिगर भोंग्याचं वाचू. आमाला काय गळा न्हाई का?"

इंजिन पहिल्याच झटक्याला धडधडलं, आणि माणसांनी मागून रेटून जीप चिखलातून बाहेर काढली.

परभणीपर्यंत मी इंजिन एकदाही बंद केलं नाही. रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी निघता निघेना, तेव्हा ते बंद पडू नये म्हणून पाय सारखा दाबून धरला होता. मागून भावजय दर थोड्या वेळाने म्हणत होती, "हाय, श्वास हाय." ती गप्प झाली की मी मान वळवून मागे बघायचो.

दवाखान्यात सुयांवर सुया दिल्या. दिगंबर कुणाला ओळखेना, हवेतले नसलेले धागे वेचत राहिला. डॉक्टर म्हणाले, आताच काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी उतरलेली बॅटरी स्टँडजवळच्या चार्जिंगवाल्याकडे टाकली. लवकर होईल का, असं विचारलं.

"पार मेलीय भाऊ. एकदम जोर दिला तर प्लेटा जातील. हळूहळू खाऊ द्या तिला. घाई तुमाला हाय, तिला न्हाई."

दिवसभर मी दवाखाना आणि ते दुकान असा फिरत होतो. दोन्हीकडे बसून बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. नवस संपले होते. द्यायला काही उरलं नव्हतं, मागायला तोंड नव्हतं. दिगंबरच्या खाटेच्या पायथ्याशी पहिल्यांदाच मी देवापुढे काहीही न बोलता बसलो. भीती गेली नाही. पण ती एकट्याने धरून ठेवायची गरज वाटेना.

सांजेला दिगंबरने मान वळवली. "दादा, पंप रानातच राहिला का?"

"आग लागो त्या पंपाला!" म्हणून भावजय रडायला लागली.

अनुसयाबाईची बॅटरी पुरती चार्ज करून मी स्वतः तिच्या दारात नेऊन ठेवली. ओढ्याकडच्या वाटेनेच गेलो. टीव्ही देवळात का नेला होता, तेही तिला सांगितलं. "ठाव हाय," एवढंच ती म्हणाली आणि बॅटरी पुसायला लागली.

म्हणजे ठाऊक असूनही ती आली होती. त्या कृपेचं मोल माझ्या कुठल्याच नवसात बसत नाही. तेव्हापासून मी नवस बोलत नाही. मिळेल ते वाकून घेतो.

आता दुपार आहे. दिगंबर ओसरीवर झोपलाय आणि मोठ्याने घोरतोय. घरचे वैतागतात. मी मात्र तो आवाज मधेच थांबला की लिहायचं थांबवून कान देतो, आणि पुन्हा सुरू झाला की मनातल्या मनात हात जोडतो.