रेखाच्या डोळ्याखालचं इंजेक्शन

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, आईला तर न्हाईच. तुम्हाला तरी कसं सांगू — जीभच रेटत न्हाई.

रेखा माझी धाकटी बहीण. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाल्ती तिला, तेव्हापासून रक्त पातळ व्हायची गोळी रोज चालू. वाटूर गावच्या मुलाशी सोयरीक जमली, पण गोळीचं आम्ही तिथं बोललोच न्हाई. मुलगी आजारी म्हणून मोडतील — हीच धास्ती. लग्न झाल्यावर सांगू हळूच, असं मीच ठरवल्तं. मोठी ना मी!

बस्ता बांधायला जालन्याला गेल्तो. साड्या घेऊन झाल्या, तशी तिची होणारी नणंद म्हणाली, "वहिनी, डोळ्यांखाली खड्डे पडलेत तुमच्या, फोटोत दिसतील. माझ्या डॉक्टरीणबाई इंजेक्शननं भरून देतात, चला." हौसेनं म्हणाली बिचारी. न्हाई कसं म्हणायचं?

डॉक्टरीणबाईंनी बराबर विचारलं — रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असली तर आत रक्त साचतं, थांबत नाही. रेखा बोलणारच होती. पण नणंद शेजारी बसल्ती, आणि मी — "बिलकुल न्हाई हो, ठणठणीत आहे ती." रेखानं माझ्याकडं पाहिलं अन् खुर्चीत मागं टेकली.

सुई टोचली. डोळ्याखाली काळंनिळं झालं, मंग डोळाच बाहेर आल्यासारखा सुजला. "ताई, दिसंना गं मला!" डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला टाकली. पुन्हा विचारलं त्यांनी, खरं सांगा, गोळी? तेव्हा तरी सांगायचं ना? तेव्हाही न्हाईच म्हणाले मी. पहिल्यांदा धास्तीनं. दुसऱ्यांदा — पहिलं खोटं उघडं पडेल म्हणून.

मोठ्या दवाखान्यात शेवटी रेखानंच सांगितलं. तोवर फार उशीर झाल्ता. त्या डोळ्याला आता उजेड अन् अंधार, तेवढंच कळतं.

सोयरीक? मोडली न्हाई. नणंद रडत रडत म्हणाली, "आधी सांगायचं न्हाई का, वहिनी? आमच्या आईलाबी हीच गोळी चालू हाय."

काय करू मी त्या वाक्याचं?

रेखा अजून सगळ्यांना सांगते — गोळी बंद झाली, असं मीच ताईला खोटं सांगितल्तं, तिची काय चूक. सासरचे, माहेरचे, सगळे तिलाच बोल लावतात. मी तिच्या शेजारी बसलेली असते. ऐकून घेते.