उठवायचं गाणं

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बायको तातडीनं चिपळूणला गेली. रियाधच्या फ्लॅटमध्ये मी आणि आमची तिसरीतली मुलगी उरलो. मी बँकेत नोकरीला. डबा, वेणी, इस्त्री कसंबसं जमवत होतो, पण तिला सकाळी उठवणं काही जमेना. "यल्ला, चल लवकर, बस येईल," म्हणून मी हाका मारायचो आणि ती उशी तोंडावर ओढून घ्यायची.

एका दुपारी शाळेतून आल्यावर ती म्हणाली, "बाबा, स्पेस शटलमध्ये अलार्म नाही लावायचे. अ‍ॅस्ट्रोनॉटच्या घरचे गाणं निवडायचे आणि खालून कंट्रोल रूमवाले ते वाजवायचे. मला पण तसंच पाहिजे. आईचं."

मी बायकोला फोन केला. "मला कुठे गाता येतं?" ती म्हणाली. "आणि अप्पा असे पडलेले असताना?" पण दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत तिचं रेकॉर्डिंग आलं होतं. लेक तान्ही असताना तिनंच जुळवलेल्या, चिऊला शेवग्याच्या शेंगा भरवणाऱ्या दोन ओळी. आवाज चिरका, मागे पंख्याची घरघर. मुलगी डोळे न उघडता हसली आणि उठून बसली.

मग ते रोज येऊ लागलं. एके सकाळी त्यात आणखी एक आवाज होता. जड, अडखळणारा, पण सुरात.

"हे कोण?" मुलीनं विचारलं.

मी बायकोला फोन लावला. ती रडत होती. "अप्पाच रे. मी त्यांच्या उशाशी बसून गात होते, तर मागोमाग गुणगुणायला लागले. 'चिऊ' म्हणाले, अगदी स्पष्ट." झटक्यानंतर त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शिल्लक राहतं, त्यांच्याकडून गाऊन घेत चला. मुलीनं लगेच ठरवलं, "आता आजोबांना मी उठवणार." युनिफॉर्म घालून ती माझ्या फोनसमोर उभी राहायची आणि आईच्या चालीत गायची, "आजोबा उठा, चहा झाला." तिकडे तोवर ऊन वर आलेलं असायचं. पण ते जागे असूनही गाणं येईपर्यंत डोळे मिटून पडून राहतात, असं बायको सांगायची.

बायको परत आली तेव्हा सासरे काठी धरून अंगणापर्यंत जाऊ लागले होते. विमानतळावरूनच तिनं त्यांना फोन लावला. "अप्पा, पोचले."

 पलीकडून चिऊच्या गाण्याचा सूर धरून ते सावकाश म्हणाले, "बरं झालं."