तिसरा अर्ज

इतिहासाच्या पीएच.डी.ची मुलाखत देऊन दोन महिने झाले, निकाल नाही. दोन मेल पाठवले, त्यांनाही उत्तर नाही. विद्यापीठात फोन केला की तिथल्या बाई म्हणतात, "यादी लागली की कळेलच." घरी बसवत नाही, म्हणून मी रोज दफ्तरखान्यात येऊन बसते.

आज जुन्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला, तर त्यात एकाच कारकुनाचे तीन मोडी अर्ज निघाले. सरकारात चाकरी मिळावी, एवढंच मागणं. पहिल्याचं अक्षर रेखीव, दुसऱ्याचं घाईचं. तिसऱ्यात त्याने स्वतःची ओळख पुन्हा पहिल्यापासून लिहिली आहे, जणू आधीचे अर्ज कुणी उघडलेच नसतील.

शेजारी शिपाईकाका दुसरा रुमाल बांधत होते. "काका, याचं उत्तर कुठे सापडेल?"

"दिलंच नसेल," ते गाठ मारत म्हणाले.

अशा वेळी टिपणवहीत 'उत्तर उपलब्ध नाही' असं लिहायचं असतं. पुढचा कागद उलटता उलटता मी ते कितीदा तरी सहज लिहिलंय.  आज मात्र ती जागा मी कोरीच सोडली.

मग फोन काढून विद्यापीठाला मेल लिहायला घेतला. हा तिसरा. आणि पहिल्याच ओळीत मी माझं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, शिक्षण लिहिलं.