भिंतीवरचा धावपटू

मुलीच्या शाळेच्या तक्त्यासाठी आज मैद्याची खळ शिजवली आणि त्या वासासरशी मी मानखुर्दच्या आमच्या जुन्या खोलीत पोचलो.

पप्पांनी अशाच खळीने भिंतीवर एका काळ्या धावपटूचं चित्र चिकटवलं होतं. गळ्यात मेडल, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी उंचावलेली मूठ.

आमच्या वस्तीच्या हक्कांसाठी पप्पांनी काढलेल्या मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी हवालदार त्यांना शोधत आला. पप्पा माळ्यावर श्वास रोखून पडले होते. चित्रावर काठी टेकवून हवालदाराने विचारलं, "हा कोण? लीडर काय तुमचा?"

आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तेवढ्यात माळ्याची फळी करकरली, तशी ती मोठ्याने म्हणाली, "भाऊ हाय माझा!"

तो खो खो हसला आणि गेला. मला वाटलं, आई किती खोटं बोलते!

आज मुलीने त्याच धावपटूचं चित्र चिकटवून खाली नाव लिहिलं. मी म्हटलं, "पुढे लिही, आजीचा भाऊ."