नेहमी मरणारा नट

लंडनच्या एका नाटकगृहाच्या मागच्या दारातून परवा एक म्हातारा नट मफलर गुंडाळत बाहेर आला, आणि माझ्या आईने पुढे होऊन त्याचा हातच धरला. टीव्हीवरच्या इंग्रजी गुप्तहेर मालिकांमुळे ती त्याला वर्षानुवर्षं ओळखत होती. नाव मात्र ठाऊक नव्हतं. दर मालिकेत सुरुवातीलाच त्याचा खून व्हायचा. पुढे कुठेतरी तो पाद्री नाहीतर न्यायाधीश होऊन पुन्हा दिसला, की आई म्हणायची, "आला बाई एकदाचा! सुखरूप आहे." एकदाही न भेटता माणसं अशी आपली होऊन जातात. त्या दिवशीच्या नाटकात तो आजोबा झाला होता आणि चक्क शेवटपर्यंत जिवंत राहिला होता.

"बरं झालं, आज जगलात," आई म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. तो मनापासून हसला आणि नटाच्या उत्सुकतेने त्याने विचारलं, "माझं कोणतं मरण त्यांना सगळ्यात आवडलं?"

"एकही पाहिलं नाही हो," आई म्हणाली. "मी डोळे मिटून घ्यायचे."

मी तेही सांगितलं. मग, नाटक संपल्यावर प्रेक्षकांपुढे वाकला होता त्याहून कितीतरी खाली, तो आईपुढे वाकला.