चौथी तारा

नातीच्या बारशाला पाळण्यावर एका कबड्डीवालीचा फोटो चिकटवला होता. मला वाटलं, असेल काहीतरी शोभेचं. माझ्या लेकीनं, म्हणजे पोरीच्या आत्यानं, तिच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, तारा. माझे डोळे भरून आले. माझी बायको तारा, मागच्या थंडीत गेली. म्हटलं, नाव घरात परत आलं.

तर मुलगा पाहुण्यांना सांगतो, "आमची आवडती खेळाडू ना, तिच्यावरून ठेवलं."

"सिनेमात पण आहे की एक तारा," व्याही म्हणाले.

"आणि ती टीव्हीवर गाणारी!" कुणीतरी मागून ओरडलं.

मी म्हटलं, "आणि तुझी आई रे?"

"हो बाबा, तेही आहेच की," म्हणाला आणि घुगऱ्या वाटायला गेला.

तेही! पडद्यावर नाचली, मैदानात पळाली, तिचं नाव जगाच्या तोंडी. जिनं यांची ढुंगणं धुतली ती जन्मभर नुसती आई आणि काकी.

मी पाळण्याला झोका दिला. पोरगी झोपेत हसली आणि डाव्या गालाला खळी पडली, अगदी आजीसारखी. ती खळी कुठल्या खेळाडूवरून ठेवली, ते काही मी मुलाला विचारलं नाही.